हातात न येणाऱ्या गिनीपिगसाठी फ्लीसचा संच: बोगदा उत्तम, पिशवी काठावर पास

फ्लीस कापडाचा तीन नगांचा संच गिनीपिगचा बिछाना म्हणून विकला जातो. त्यात दोन्ही तोंडं उघडी असलेला बोगदा, एका बाजूने बंद असलेली पिशवी आणि मांडीवर अंथरायची छोटी चटई असते. निव्वळ उबेसाठी घेत असाल तर राहू द्या, सुक्या गवताचा जाड थर ते काम फुकटात करतो. संचाचा खरा उपयोग निराळा आहे. उचलायला गेलं की पिंजराभर सैरावैरा पळणाऱ्या प्राण्याला हात न लावता बाहेर आणता येतं आणि परत ठेवताही येतं. हे परीक्षण तेवढ्याच कामापुरतं आहे.

गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचं आणि वरचं बरंच दिसतं, पण अंतराचा अंदाज बेताचाच. वरून खाली येणारा हात त्याच्या लेखी शिकारी पक्ष्यापेक्षा वेगळा नसतो. कोपऱ्यात गाठून उचललं की काम पटकन उरकतं, पण पुढच्या वेळी तो आणखी लांबून पळतो. हातात आल्यावर अगदी गप्प बसला म्हणजे रुळला असंही नाही. डोळे विस्फारलेले, अंग ताठ आणि समोर धरलेली कोथिंबीर हुंगतसुद्धा नाही, तर तो भीतीने थिजलेला आहे.

या सगळ्यावर बोगदा खरंच उतारा आहे, पण नीट निवडला तर. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगला तोंडाचा व्यास १५ ते १८ सेंमी लागतो आणि लांबी ३० ते ४० सेंमी पुरते. त्यापेक्षा अरुंद बोगद्यात तो शिरतो, पण आत वळता येत नाही म्हणून पुन्हा जायला कुरकुरतो. दोन्ही तोंडांच्या कडेत कडक पट्टी हवीच, नाहीतर बोगदा आपल्याच वजनाने चपटा होतो आणि समोर दार आहे हे प्राण्याला कळतच नाही. तळ मात्र दुहेरी असला तरी पुरे, कारण उचलताना आधार तुमच्या हाताचाच असतो.

इथे बहुतेक जण एक घोळ करतात: झोपायचा बोगदा आणि उचलायचा बोगदा एकच ठेवतात. गाढ विसावलेला प्राणी बोगद्यासकट उचलायला सोपा असतो खरा, पण मग लपायची जागाच सापळा ठरते आणि तो कुठेच निर्धास्त बसत नाही. पिंजऱ्यात राहणारी घरं वेगळी, प्रत्येक प्राण्यामागे निदान एक आणि शक्यतो दोन दारांची. त्यातून कुणालाही कधीही ओढून काढायचं नाही. उचलायचा बोगदा फक्त खाऊच्या वेळी आत येतो आणि खाणं झालं की बाहेर जातो.

सुरुवातीला बोगद्यात मूठभर गवत आणि ढोबळी मिरचीची फोड ठेवून बाजूला व्हा. मिरची उगाच नाही. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातूनच जावं लागतं, तेव्हा हाच खाऊ सत्कारणी लागतो. तो बिनधास्त आत जाऊन खायला लागला की फोड हातात धरून तोंडाशी बसा, हात जमिनीलगत ठेवा. पुढची पायरी म्हणजे तो आत खात असताना बोगद्याला बाहेरून तळवा टेकवणं. मग दोनेक सेंमी उचलून लगेच खाली ठेवणं, आणि ठेवल्यावर पुन्हा खाऊ. उंची अशीच हळूहळू वाढवायची. खाणं थांबलं तर एक पायरी मागे या, यापेक्षा खरा मापक नाही. काहींना यात थोडे दिवस लागतात, काहींना कित्येक आठवडे.

प्रत्यक्ष नेताना एक हात लांबीभर खाली, बोगद्याचं एक तोंड पोटाशी टेकलेलं आणि दुसऱ्यावर तळहात. दोन्हीपैकी एक जरी मोकळं राहिलं तरी तो उडी मारतो, आणि कमी उंचीवरून पडूनही पाय किंवा दात मोडू शकतात. फिरायच्या जागी बोगदा खाली ठेवून हात काढून घ्या, त्याला वाटेल तेव्हा तो बाहेर येईल. परत नेतानाही हाच मार्ग. जाताना बोगदा आणि येताना झडप, असं झालं तर आधीचं सगळं वाया जातं.

पिशवीचं कौतुक आम्हाला जरा जास्तच वाटतं. तिला तोंड एकच. प्राणी तोंड आत खुपसून बसतो, तुमच्या वाट्याला त्याची पाठ येते, आणि काढायला शेवटी हात आत घालावाच लागतो, म्हणजे मूळ दुखण्यावर पुन्हा बोट. पिशवी तिरपी न करता पलंगावर किंवा जमिनीवर सपाट ठेवून त्याला आपणहून मागे सरकू द्यावं. पिंजऱ्यात तर ती ठेवूच नये: आत एक बसलेला असताना दुसरा घुसला की पळायला जागा नाही, दात कडकडतात आणि भांडण जुंपतं. शिवाय जाड लोकरी अस्तर उकाड्यात त्रासाचं. गिनीपिगला १८ ते २४ अंश सेल्सिअस मानवतं, त्याच्या फार वर गेलं की उष्माघाताची भीती.

एका कामात मात्र पिशवी बाजी मारते, ते म्हणजे वजन. रिकामी पिशवी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, मग प्राण्यासकट ठेवा, तो आत स्थिर बसतो. प्रौढ गिनीपिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचा असतो. आठवड्याच्या वजनात ५० ग्रॅमची घट दिसली तर रोज मोजा, १०० ग्रॅम उतरले तर डॉक्टर गाठा.

चटईबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मधला थर जलरोधक असेल तर कपडे वाचतात, नसेल तर जुना टॉवेल तिच्याइतकाच कामाचा. मांडीवर १० ते १५ मिनिटं पुरेत. चुळबुळ, मागे सरकणं किंवा हलकासा चावा म्हणजे बहुधा लघवी आली आहे. कुरवाळायचं ते हनुवटीखाली आणि कानामागे, केसांच्या दिशेने. डोकं झटक्यात वर उडवलं की हात काढायचा, तो 'पुरे' म्हणतोय.

शिवणकामात स्वस्त आणि बऱ्या संचांतला फरक उघडा पडतो. आतली बाजू उलटी करून बघा. लोंबणाऱ्या दोऱ्याच्या फासात नखं-बोटं अडकतात आणि कुरतडलेल्या कडेतून भरणाचा कापूस पोटात जातो. नवा फ्लीस आधी तीन-चारदा धुवावा लागतो, तोवर लघवी वरच तरंगते. कापड मऊ करणारं द्रव वापरू नका, त्याचा थर बसतो आणि पाणी खाली झिरपत नाही. धुण्याआधी गवत झटकलं नाही तर मशीनची जाळी तुंबते.

पूर्वी जवळ येणारा प्राणी अचानक हात लावू देईनासा झाला, तर संच बाजूला ठेवा. खरजेचे किडे, मूत्राशयातला खडा, तळपायाची जखम किंवा दातांचं दुखणं यांपैकी काहीही असू शकतं, तपासणीच हवी. आणि हाताने उचलण्याची वेळ येणारच. एक तळवा छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, अंगाशी धरून, शक्यतो जमिनीवर बसून. खाली ठेवताना मागचा भाग आधी टेकवा. घर दिसताच शेवटच्या क्षणी झेप घेण्याची त्यांना खोड असते.

काही विक्रेते संचासोबत छातीचा पट्टा आणि दोरी भेट म्हणून देतात. गिनीपिगचं अंग लवचिक आणि निमुळतं, तो पट्ट्यातून निसटतो. नाही निसटला तर घाबरून धाव घेताना सगळा हिसका पाठीच्या कण्यावर बसतो. पाकीट उघडल्याबरोबर तो कचऱ्यात टाका.