काळ्या दगडात भोकं पाडायची तर : भाड्याचं रोटरी हॅमर आणि नानांची टाकी-हातोडी

आमचं घर जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात, जुनं जोत्याचं. ओट्यावर चढायला सहा पायऱ्या, सगळ्या काळ्या पाषाणाच्या, आजोबांच्या वडिलांनी बसवलेल्या. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं पायरी चढताना हाताला आधार पाहिजे, म्हणून रेलिंग लावायचं ठरलं. तीन खांब, प्रत्येक प्लेटला चार बोल्ट, म्हणजे 12 होल, 12 एमएमचे, 90 एमएम खोल. फॅब्रिकेशनवाला आला, दगडाकडं बघितलं आणि म्हणाला पायऱ्या फोडून कॉन्क्रीटच्या करा, ह्यात ड्रिल जात नाही. पायऱ्या फोडायच्या नव्हत्या. मग होल मीच पाडायचे ठरवले, आणि त्यात जे जे वापरलं त्याचा हा रिव्ह्यू, कारण आपल्याकडं जुन्या घरांना हाच दगड आहे आणि हाच प्रश्न पुष्कळांना येतो.

आधी घरातलं साधं ड्रिल घेतलं, ते हातोडीचं चिन्ह असतं ना बटणावर, ते. भिंतीला पडदे लावायला चांगलं आहे, विटेत लोण्यासारखं जातं. पायरीवर धरलं तर वीस मिनिटं अंगाचा भार टाकून दाबलं तरी जेमतेम नखभर खड्डा झाला, बिटचं टोक लाल झालं, आणि टोकावरची कार्बाइडची चकती निघून पडली. बिट स्वस्तातलं होतं हे खरं, पण चूक माझीच जास्त. टोकाची चकती ही टाका मारून बसवलेली असते, बिट घासून घासून तापलं की तो टाका सैल होतो. आणि ह्या ड्रिलमध्ये आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात तेवढाच त्याचा ठोका. मिनिटाला हजारो ठोके, पण एकेक इतका हलका की काळ्या दगडाला त्याचं काही वाटत नाही, नुसतं घासणं होतं. काळ्या दगडासाठी हे ड्रिल घेऊच नका, पाच पैकी शून्य.

मग धुळ्याहून भाड्यानं रोटरी हॅमर आणलं, बॉशचं 2-26, 800 वॅट, 2.7 जूलचा ठोका. भाडं दिवसाला 400 रुपये, डिपॉझिट वेगळं, बिट आपलं आपण आणायचं. ह्याच्यात चकत्या नसतात, आत पिस्टन असतो आणि पिस्टन व ठोकणाऱ्या दांड्याच्या मधे कोंडलेली हवा असते, ती हवा दाबली गेली की दांडा बिटच्या बुडावर आदळतो. म्हणून ठोके मिनिटाला चारेक हजारच, पण प्रत्येक ठोका दगडाला लागतो. बिट पण वेगळं लागतं, एसडीएस प्लस, बुडाला खाचा असलेलं, चकमध्ये ते थोडं मागंपुढं सरकतं आणि ठोका सरळ टोकापर्यंत जातो. पहिला होल खरंच चार-पाच मिनिटांत झाला, मधे दोनदा थांबून. माय ओट्यावर बसून बघत होती, ती म्हणाली एवढ्यात झालं?

पण दाबायचं नाही हे शिकायला मला तीन होल लागले. ह्या मशीनवर भार टाकला की आतली हवेची उशी नीट काम करत नाही, ठोका मंदावतो, बिट तापतं आणि तुमचे खांदे जातात ते वेगळंच. नुसतं धरायचं, मशीनला त्याचं काम करू द्यायचं. दर दोन-तीन सेंटीमीटरला बिट फिरत असतानाच बाहेर ओढायचं म्हणजे भुकटी निघते, नाहीतर तीच भुकटी पुन्हा पुन्हा कुटली जाते आणि बिट अडकतं. पाणी ओतायचं मनात आलं होतं, बरं झालं नाही ओतलं, एक तर हातात करंटचं मशीन, दुसरं म्हणजे भुकटीचा चिखल होऊन होल बंदच होतो. पाणी लागतं ते डायमंड कोअर बिटला, म्हणजे कडेला हिऱ्याचे कण बसवलेल्या पोकळ नळीसारख्या बिटला, तिथं ठोका बंद ठेवून नुसतं फिरवायचं असतं.

बिटबद्दल एक सांगतो, दोन धारांचं घेऊ नका, चार धारांचं घ्या, दीडपट-दुप्पट पैसे गेले तरी. आपला दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात हवेचे बुडबुडे राहिलेले आणि ते नंतर भरले गेलेले, कुठं पांढरं मऊ स्फटिक, कुठं गारगोटी. गारगोटी दगडाहून कडक. दोन धारांचं बिट गारगोटीच्या कडेला लागलं की गचकन अडकतं किंवा बाजूला सरकतं, माझा तिसरा होल असाच तिरपा गेला आणि प्लेटचं भोक रेतून मोठं करावं लागलं.

व्होल्टेजचं पण बघा. मी ओट्यापासून लांब बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावलं होतं, मशीन गुरगुरत होतं पण जोर नव्हता. शेजारच्या दादांनी जाड वायर आणून दिली तेव्हा फरक लगेच कळला. मे महिन्यात असलं काम सकाळी दहाच्या आत उरकायचं, नंतर ती पायरी हात लावू देत नाही. आणि मास्क, रुमाल नाही, चांगला एन 95. खाणीत, क्रशरवर काम करणाऱ्यांचे दम्यानं गेलेले बाप-काका आपल्या भागात लोकांनी बघितलेत, दगडाची भुकटी छातीत बसली की निघत नाही.

दहा होल झाले. राहिलेले दोन पायरीच्या कडेपासून दोन इंचांवर होते. तिथं मशीन लावलं आणि मिनिटाभरात कडेचा तळहाताएवढा कपचा उडाला. मला फार वाईट वाटलं, शंभर वर्षं कुणी त्या पायरीला धक्का लावला नव्हता. मशीन बंद केलं.

मग नानांना बोलावलं. नाना पाथरवट, सत्तरीच्या पुढचे, पूर्वी जाती-पाटे टाकायला, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरबरीत करून द्यायला, गावोगाव फिरायचे आणि त्याच्याही आधी विहिरींच्या कामावर सुरुंगाची भोकं पाडायचे. ट्रॅक्टरवरचे कॉम्प्रेसर येण्याआधी ते काम हातानंच व्हायचं, एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी वळवायची, भोकात पाणी टाकायचं आणि लांब पळीनं चिखल काढायचा. तिकडं रावेर-यावलकडं तापीच्या गाळात बोअर घेतली तर खूप खोलपर्यंत माती-वाळूच लागते, पण आमच्याकडं वावराच्या ढेकळाखाली दगडच, विहीर खोदायची म्हणजे महिनोन्महिने हेच.

नानांनी बारीक टाकी, म्हणजे दगड घडवायची छिन्नी, काढली, टोकाला नखानं तपासलं, आणि बसले. छोटा हातोडा, मोठा नाही. एक घाव, टाकी जराशी वळवायची, एक घाव, वळवायची. मी म्हटलं नाना जरा जोरात मारू का मी, तर म्हणाले, ‘दम धर भो, दगड बी थकस.’ आणि मग मला कळलं की मशीन आत जे करतंय तेच हे आहे, ठोका द्यायचा, वळवायचं, भुकटी काढायची, फक्त मशीनला कड कुठं आहे ते कळत नाही. नानांना आवाजावरून कळत होतं. कडेकडं गेलं की दगडाचा आवाज बद्द येतो म्हणाले, मग ते घाव हलका करत. एका होलला दोन तास लागले, होल 16 एमएमचा झाला, पण कपचा एकही उडाला नाही.

ह्या दोन्ही होलमध्ये, आणि नंतर सगळ्याच होलमध्ये, केमिकल अँकर, म्हणजे बोल्ट दगडाला चिकटवणारं केमिकल, भरलं, ठोकून फुगणारे फास्टनर नाही वापरले. फुगणारा फास्टनर दगडाला आतून बाहेर ढकलतो, कडेजवळ असला की जुना दगड चिरतो. केमिकलचं एकच पथ्य, होलमधली भुकटी पूर्ण निघाली पाहिजे. फुंकायचं, ब्रशनं घासायचं, परत फुंकायचं. धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, दगडाला नाही.

अजिंठ्याला गेलात तर 24 नंबरचं लेणं बघा, अर्धवट राहिलंय, तिथं टाकीचे घाव जसेच्या तसे दिसतात. मी शाळेच्या सहलीत बघितलं होतं तेव्हा नुसतं पळालो होतो. आता पायरीवर ते दोन होल बघितल्यावर परत जायचंय, आबांना पण घेऊन.

तर माझा हिशेब असा, सपाट जागी, कडेपासून चार बोटांपेक्षा लांब असेल तर रोटरी हॅमर भाड्यानं आणा, विकत घ्यायची गरज नाही, पाच पैकी साडेचार, अर्धा कमी कारण गडी नवखा असेल तर दगड खराब होतो. होलचं तोंड मात्र आधी टाकीनं थोडं खोल करून घ्या, म्हणजे बिट घसरत नाही. कडेला, नक्षीला, जात्याला, देवळाच्या दगडाला हातच. नानांना पाच पैकी पाच. त्यांनी दोन होलचे 600 रुपये घेतले आणि वरून गुरांच्या जुन्या डोणीला खाली पाणी जायला भोक पाडून दिलं, त्यात आता मायनं तुळस लावलीय.

एक अडचण राहिली. टाकीचं टोक दर पाच-सहा तासांनी भट्टीत तापवून घडवावं आणि पाणी द्यावं, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करावं लागतं, आणि नानांच्या गावचा भाता बंद झालाय, ते एस.टी.नं टाक्या घेऊन लांब जातात. पारोळा, अमळनेर, धुळे ह्या पट्ट्यात टाकीला नीट पाणी देणारा लोहार कुणाला माहीत असेल तर गावाचं नाव सांगा, मी मोटारसायकलवर नेऊन आणत जाईन.