दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी? डाएटच्या पहिल्या पंधरवड्यातली भूक आणि तलफ

डाएट मोडतं ते बहुतेक वेळा संध्याकाळी. सकाळचा निर्धार टिकतो, दुपारचा डबाही नीट जातो, आणि पाच वाजता सोलापूरच्या पार्क चौकातून घरी जाताना भज्यांच्या कढईचा वास येतो. म्हणून पद्धत निवडताना ‘कशानं वजन जास्त उतरतं’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. दिवसाचं एकूण खाणं सारखंच असेल, तर ते दोनदा खाल्लं काय आणि सहा वेळा खाल्लं काय, वजनात फारसा फरक पडत नाही. चार ते सात या तीन तासांत तुम्हाला कोणती पद्धत सावरते, ते बघायचं.

आपल्याकडे हा वाद दोन नावांनी ओळखला जातो. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात ते दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि मध्ये काही खायचं नाही. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दुसरीकडे ऋजुता दिवेकरांनी रुजवलेली, दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याची पद्धत. घराघरांत यावर तावातावानं बोललं जातं, पण दोन्ही पद्धतींचा शत्रू वेगळा आहे हे त्यात हरवतं. थोडं थोडं खाणं भुकेवरचा उपाय आहे. दोनदाच खाणं तलफेवरचा.

आधी शिळ्या भाकरीची परीक्षा

खावंसं वाटलं की स्वतःला एकच विचारा: आत्ता शिळी भाकरी आणि ताक चालेल का? चालेल म्हणालात, तर ती भूक. ‘भाकरी नको, पण एखादा वडा चालेल’ असं मन म्हणालं, तर ती तलफ. भूक हळूहळू चढते आणि पोटात कळते. तलफ एकदम येते, एकाच पदार्थावर अडून बसते आणि पंधरा-वीस मिनिटं दुसऱ्या कामात घातली तर बहुधा ओसरते.

तीन दिवस नेहमीसारखंच खा, फक्त वहीत तीन गोष्टी लिहा: वेळ, काय खावंसं वाटलं, आणि शेवटचं खाणं होऊन किती तास झाले. जेवणानंतर चार-पाच तासांनी भाकरीही चालेल अशी इच्छा होत असेल, तर तुमची अडचण भुकेची आहे. जेवून दीड तास झाला नाही तोच गोड किंवा तळलेलं आठवत असेल, तर तलफेची. ही वही न लिहिता पद्धत निवडणं म्हणजे माप न घेता कापड कापणं.

एक गोष्ट दोघांनाही लागू. घ्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक रोजच्या खाण्याच्या वेळेला वाढतं. रोज पाचला खात असाल तर पाचलाच पोट ओरडणार, दुपारी कितीही जेवला असाल तरी. ही लाट येते तशी जाते, आणि वेळ बदलली की काही दिवसांत शरीर नव्या वेळेला रुळतं. पहिला आठवडा जड जातो तो यामुळेच.

दोन वेळा जेवणं

मोठा फायदा असा की दिवसभरात ठरवायचं फारसं काही उरत नाही. पाच वाजता ‘एकच भजं घेऊ का’ हा प्रश्नच येत नाही, कारण उत्तर आधीच दिलेलं असतं. मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, एवढंच. ज्यांना ‘एकच’वर थांबता येत नाही त्यांच्यासाठी ही पद्धत खरोखर सोपी आहे.

पण ताट भरीव हवं. अंदाजे ७०० कॅलरीचं एक सोलापुरी ताट असं बसतं: ९० ग्रॅम पिठाची दीड भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, एक वाटी पालेभाजी एक चमचा तेलात, एक वाटी दही, कांदा-मुळा-काकडी हवी तेवढी आणि शेंगा चटणी एक मोठा चमचा. यातून साधारण २८ ते ३० ग्रॅम प्रथिनं मिळतात. उसळ आणि दही काढून त्याजागी आणखी एक भाकरी वाढली, तर कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात, पण प्रथिनं कमी होतात आणि तीन-साडेतीन तासांत पोट पुन्हा रिकामं वाटतं. ‘दोन वेळा जेवणं मला जमत नाही’ म्हणणाऱ्यांच्या ताटात बऱ्याचदा हाच घोटाळा असतो.

चटणीचा चमचा मोजूनच घ्या. १५ ग्रॅम शेंगा चटणीत ८० ते ८५ कॅलरी असतात, वरून तेल घेतलं तर प्रत्येक लहान चमच्याला आणखी ४५. चार चमचे चटणी म्हणजे दीड भाकरीचा ऐवज, आणि तोही न मोजलेला. कडक भाकरीचंही तसंच. तिच्यातलं पाणी उडालेलं असतं, पीठ तेवढंच राहतं. हाताला हलकी लागते म्हणून पापडासारखी मोडत बसलात, तर दोन भाकऱ्या कुठं गेल्या ते कळत नाही. तिची एक बाजू मात्र चांगली: चावून खावी लागते, त्यामुळे जेवण लांबतं, आणि पोट भरल्याची खूण पटायला साधारण वीस मिनिटं लागतातच.

इथं बिघडतं ते दुसऱ्या जेवणाला. ५५ मिनिटं ही मर्यादा आहे, परवानगी नाही. पण दिवसभर रोखून धरलेला माणूस रात्री ती पुरेपूर वापरतो. दुसरं जेवण साडेनऊला गेलं की हे हमखास होतं. सकाळी अकरा आणि संध्याकाळी सात-साडेसात अशा वेळा ठेवल्या, तर अवघड तासांचा शेवट डोळ्यांसमोर असतो. एकदम उडी मारू नका. पहिले चार दिवस फक्त रात्री जेवणानंतरचं खाणं बंद करा, पुढचे चार दिवस नाश्ता रोज अर्धा तास पुढे ढकला, मग तो जेवणात मिसळा.

गोडाचा शौक असेल तर गोड जेवणातच घ्या. आपल्याकडच्या डाळिंबाचे एक वाटी दाणे, म्हणजे १०० ग्रॅम, ८० कॅलरीच्या आसपास पडतात आणि जेवणाचा शेवट गोड होतो.

दर दोन तासांनी थोडं

ज्यांची वही खऱ्या भुकेची निघाली, ज्यांना उशीर झाला की हात थरथरतात, डोकं चढतं, चिडचिड होते, त्यांनी ही पद्धत धरावी. नाव दोन तासांचं असलं तरी प्रत्यक्षात अंतर तीन तासांच्या आसपास पडतं. दिवस साधारण असा: सकाळी एक केळं, साडेनऊला सुशीला (चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा नाश्ता) आणि एक उकडलेलं अंडं, एकला एक भाकरी, भाजी, उसळ, साडेचारला ३० ग्रॅम फुटाणे आणि ताक, साडेसातला पुन्हा दुपारइतकंच जेवण. चौदाशेच्या आत-बाहेर कॅलरी होतात.

सुशीला हा नाश्ता फसवा आहे. ४० ग्रॅम चुरमुऱ्यांनी ताटली शीग भरते, पण प्रथिनं जेमतेम तीन ग्रॅम. त्यात दोन मोठे चमचे फुटाणाडाळीचं कूट घाला, अंडं खात नसाल तर अर्धी वाटी मोडाची मटकीही घाला. नाहीतर अकरा वाजता पुन्हा भूक.

या पद्धतीची खरी किंमत तयारीत आहे. रोज तीन लहान डबे भरावे लागतात. ज्या दिवशी भरले नाहीत, त्या दिवशी ‘थोडं थोडं’ म्हणजे बिस्किटाचा पुडा आणि ‘डाएट चिवडा’. आणि प्रत्येक खाणं म्हणजे थांबण्याची एक परीक्षा; तलफेच्या माणसाला ती दिवसातून पाच वेळा द्यावी लागते. फुटाणे पिशवीतून खाऊ नका, वाटीत काढा आणि पिशवी बांधून ठेवा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर उभं राहणाऱ्याला किंवा नवी पेठेत गिऱ्हाईक सांभाळणाऱ्याला दर दोन तासांनी डबा उघडणं जमत नाही, हे डाएटच्या तक्त्यात कुणी लिहीत नाही. त्यांनी तीन जेवणं आणि साडेचारचे फुटाणे एवढंच धरावं. आमच्या मते नोकरदारांतल्या बऱ्याच जणांना हेच टिकतं.

चहा, ऊन आणि एकादशी

पहिल्या दोन-तीन दिवसांतली डोकेदुखी भुकेची समजून लोक डाएट सोडतात. पुष्कळदा ती चहा तोडल्याची असते. कॅफीन एकदम बंद केलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि आठवडाभरही रेंगाळू शकतं. चहा बंद करू नका, साखर कमी करा: दर दोन दिवसांनी अर्धा चमचा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर, तीही हिशेबात न धरलेली.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या वर जातो. खाणं कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात शरीरातून पाणी आणि मीठही जास्त जातं. वजनकाट्यावर दिसणारा पहिला किलो बराचसा त्याचाच. उठल्यावर भोवळ आली तर आधी मीठ घातलेलं ताक प्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर मिठाचं डॉक्टरांना विचारून.

एकादशीला ६० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप यांची खिचडी पावणेपाचशे कॅलरीच्या घरात जाते. उपासाला भगर आणि दही बरं. पंढरपूर जवळ असल्यानं आपल्याकडे एकादशी चुकत नाही, तेव्हा हा हिशेब महिन्यातून दोनदा करायचा आहे.

कुणी कोणती टाळावी

मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांनी डोस बदलून दिल्याशिवाय दोन वेळांची पद्धत सुरू करू नये. रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि अठराच्या आतल्यांसाठीही ही पद्धत नाही.

निवडलेली पद्धत दोन आठवडे बदलू नका. त्यानंतरही रोज पाच वाजता शिळी भाकरी चालेल अशीच भूक लागत असेल, तर खाण्याच्या वेळा वाढवण्याआधी दुपारच्या उसळीची वाटी मोठी करा आणि किती झोपता ते बघा. झोप कमी पडली की भूक वाढते. भाकरी नकोशी आणि वडाच हवासा असेल, तर थोडं थोडं खाणं सोडून दोन जेवणांवर या आणि घरी जायचा रस्ता पंधरा दिवस बदला.