सुदानच्या युद्धवर्षातील एक पाकीट : प्लम्पीनटचे परीक्षण

प्लम्पीनट कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. अतितीव्र कुपोषित, म्हणजे आपल्याकडच्या अंगणवाडीच्या भाषेत 'सॅम' श्रेणीतल्या बालकांसाठी तयार केलेला हा उपचारात्मक आहार आहे. युनिसेफसारख्या संस्था तो घाऊक प्रमाणात खरेदी करतात आणि आरोग्य केंद्रांमार्फत मोफत देतात. ज्या बालकासाठी तो आहे त्याला मत मांडता येत नाही आणि त्याच्या आईपुढे निवड करायला दुसरे काही नसते, त्यामुळे या वस्तूचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. ते लिहावेसे वाटले ते सुदानमुळे. १५ एप्रिल २०२३ रोजी तिथे गृहयुद्ध भडकले आणि पुढच्या वर्षभरात या पाकिटाचे गुणही दिसले आणि ते न पोहोचल्याचे परिणामही दिसले.

आधी वस्तूविषयी. पाकीट फॉइलचे, तळहातावर मावेल एवढे, ९२ ग्रॅम वजनाचे असते. आत शेंगदाण्याची पेस्ट, दुधाची भुकटी, साखर, वनस्पती तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे असतात आणि एका पाकिटातून ५०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. उघडण्यापूर्वी ते बोटांनी नीट चोळून घ्यावे लागते, कारण साठवणुकीत तेल सुटून वर येते. मग एक कोपरा फाडायचा आणि बालकाने ते थेट चोखून खायचे. कुपोषणाच्या कामाच्या निमित्ताने मी ते चाखले आहे. शेंगदाण्याच्या लाडवाचे मिश्रण सैल झाले तर जसे लागेल तशी त्याची चव आहे : गोड, किंचित खारट आणि टाळूला चिकटणारी. मोठ्या माणसाला ते लवकर नकोसे होते. मात्र ज्याची भूकच मेली आहे अशा बालकाला खाण्याकडे वळवण्यासाठी हा गोडवा उपयोगी पडतो. शिवाय सुदान हा जगातल्या प्रमुख भुईमूग उत्पादक देशांपैकी एक आहे, आणि शेंगदाणे वाटून केलेला 'दकवा' तिथल्या स्वयंपाकात नेहमीचा असल्यामुळे ही चव तिथल्या मुलांना परकी वाटत नाही.

या पाकिटाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यात पाणी नाही आणि ते तयार करायलाही पाणी लागत नाही. पूर्वी अतितीव्र कुपोषणावर औषधी दुधाची भुकटी वापरली जाई. ते दूध स्वच्छ पाण्यात कालवून ताजेच पाजावे लागे, कारण थोडा वेळ ठेवले तरी त्यात जंतू वाढत. म्हणून बालकाला आणि आईला कित्येक आठवडे केंद्रात राहावे लागे आणि घरची बाकीची मुले उघडी पडत. १९९६ च्या सुमारास फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ आणि न्यूट्रिसेट कंपनीचे मिशेल लेस्कान यांनी तेच पोषण शेंगदाण्याच्या पेस्टमध्ये बसवले. पाण्याचा अंश जवळपास नसल्यामुळे त्यात जंतू वाढत नाहीत, शीतकपाट लागत नाही आणि बंद पाकीट दोन वर्षे टिकते.

त्यामुळे उपचार घरी नेता आला. बालकाच्या दंडाला मोजपट्टी लावतात, दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टीचा लाल भाग दिसतो. मग भूक चाचणी होते, म्हणजे तिथेच थोडी पेस्ट खायला देतात. बालकाने खाल्ली आणि ताप वा दुसरी गुंतागुंत नसली, तर आठवड्याची पाकिटे देऊन घरी पाठवतात. खाल्ली नाही तर दाखल करून घेतात. सात किलोच्या बालकाला दिवसाला साधारण तीन पाकिटे लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत ते सावरते. म्हणजे १५० पाकिटांचे एक खोके म्हणजे एक बालक, असा ढोबळ हिशेब आहे आणि या खोक्याची किंमत साधारण ४० ते ५० डॉलर असते. घरी उपचार करण्याच्या या पद्धतीचा सुरुवातीचा एक प्रयोग २००१ साली सुदानच्या पश्चिमेकडच्या उत्तर दारफुरमध्येच झाला होता. पुढच्या मजकुरात याच प्रदेशाचे नाव पुन्हा येणार आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

सुदानचे लष्करप्रमुख अब्देल फत्ताह अल-बुरहान आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' या निमलष्करी दलाचे प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती यांनी २०२१ मध्ये मिळून नागरी सरकार उलथवले होते. हेमेदतींचे दल लष्करात कधी आणि कोणाच्या हाताखाली विलीन व्हायचे यावर दोघांचे फाटले आणि लढाई थेट राजधानी खार्तूमच्या रस्त्यांवर उतरली. मे २०२३ मध्ये, म्हणजे युद्धाला दोन महिनेही झालेले नसताना, खार्तूममधला सामिल कंपनीचा कारखाना जळून खाक झाला. देशातल्या सॅम बालकांना लागणाऱ्या उपचारात्मक आहारापैकी ६० टक्के आहार तिथे बनत असे. यंत्रांबरोबर तयार मालाची १४,५०० खोकी नष्ट झाली, असे युनिसेफने सांगितले. एक खोके म्हणजे एक बालक हा हिशेब लावला की या आकड्याचा अर्थ कळतो. शेंगदाणा पिकवणाऱ्या देशाला त्या दिवसापासून शेंगदाण्याचे औषध मुख्यतः बाहेरूनच आणावे लागले.

बाहेरून आणायचे म्हणजे जहाजाने पोर्ट सुदानला उतरवायचे आणि तिथून दोन्ही सैन्यांचे परवाने, नाके आणि लुटारू पार करत शेकडो किलोमीटर न्यायचे. वाटेतला मोठा साठा गझिरा प्रांतातल्या वाद मदनी शहरात होता. डिसेंबर २०२३ मध्ये ते शहर हेमेदतींच्या दलाच्या ताब्यात गेले आणि जागतिक अन्न कार्यक्रमाचे गोदाम लुटले गेले. सुमारे १५ लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढे धान्य त्यात होते आणि २० हजारांहून अधिक बालके, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठीचा पोषण आहारही होता. दारफुरला जाणारा त्यातल्या त्यात सोपा रस्ता शेजारच्या चाड देशातल्या आद्रे नाक्यावरून होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्कराच्या बाजूच्या सरकारने तो बंद केला आणि तो उघडायला ऑगस्ट उजाडला. एका बाजूने लूट आणि दुसऱ्या बाजूने अडवणूक, अशी या पाकिटाची कोंडी झाली. या बाबतीत दोघांपैकी एकालाही मी कमी दोषी मानत नाही.

परिणाम सर्वांत ठळक दिसला तो उत्तर दारफुरमधल्या झमझम छावणीत. अल-फाशर शहराजवळची ही छावणी आधीच्या दारफुर संघर्षात विस्थापित झालेल्यांची असून, तिथे किमान तीन लाख लोक राहत होते. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये तिथे पाहणी केली. जवळपास एक चतुर्थांश बालके तीव्र कुपोषित होती, ७ टक्के सॅम श्रेणीत होती आणि दर दोन तासांनी किमान एक बालक दगावत होते, असा अंदाज त्या संस्थेने मांडला. ज्या रोगावरचे औषध तयार आहे, स्वस्त आहे आणि ज्याचा घरगुती वापर याच प्रदेशात पडताळला गेला होता, त्या रोगाने ही मुले मेली. ऑगस्ट २०२४ मध्ये झमझममध्ये दुष्काळ असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने अधिकृतपणे जाहीर केले. संपूर्ण देशासाठी २०२४ सालचा सॅम बालकांचा अंदाज सुमारे ७ लाख ३० हजार होता.

वस्तूच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हे घरच्या जेवणाला पर्याय नाही. ज्या घरात कोणालाच खायला नाही तिथे आई तीन पाकिटे चार मुलांत वाटते, आणि तिला त्याबद्दल दोष देणे मला मान्य नाही. अशा ठिकाणी पाकिटासोबत कुटुंबाचे धान्य दिलेच पाहिजे. ही पेस्ट खाल्ल्यावर तहान फार लागते, त्यामुळे सोबत स्वच्छ पाणी हवे, आणि छावण्यांत नेमकी त्याचीच टंचाई असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते चालत नाही. त्याच्यासाठी आईला पोटभर जेवण मिळणे हाच उपाय आहे. खार्तूममध्ये हे जेवण पुरवण्याचे काम मोहल्ल्यांतल्या तरुणांनी उभारलेल्या 'आपत्कालीन प्रतिसाद कक्षां'नी केले. त्यांच्या सामुदायिक स्वयंपाकघरांतून डाळ, घेवडा, ज्वारी असे काही ना काही रोज शिजत असे. परदेशातल्या सुदानी लोकांचे पैसे त्यांना 'बंकक' या बँकिंग ॲपवरून येत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोबाइल आणि इंटरनेट सेवा बंद पडल्यावर पैसे अडकले आणि त्यांतली बरीच स्वयंपाकघरे थंडावली.

महाराष्ट्रात नंदुरबार, मेळघाटच्या संदर्भात पाकिटातला आहार द्यावा की ताजे शिजवलेले अन्न, हा वाद झालेला आहे. शांततेच्या काळात, चूल आणि अंगणवाडी दोन्ही चालू असताना, ताज्या अन्नाच्या बाजूचे म्हणणे मला बरेचसे पटते. पाकिटावर विसंबलेली व्यवस्था गावाचे स्वयंपाकघर हळूहळू निकामी करू शकते. पण तोच युक्तिवाद झमझमला लावता येणार नाही. तिथे सरपण आणायला गेलेल्या बाईवर हल्ला होण्याची भीती होती आणि शिजवायला धान्य नव्हते. अशा ठिकाणी न शिजवता खाता येणारी ९२ ग्रॅमची वस्तू मुलाला वाचवते.

म्हणून वस्तू या नात्याने प्लम्पीनटला मी पाचपैकी पाच गुण देते. पुरवठ्याला पाचपैकी एक, आणि तो एक गुण सर्वस्वी त्या सुदानी ट्रकचालकांचा, परिचारिकांचा आणि स्वयंसेवकांचा आहे, ज्यांच्यामुळे काही खोकी तरी आत पोहोचली. जगाच्या पैशालाही चांगले गुण देता येत नाहीत. युद्धाला वर्ष झाले तेव्हा अडीच कोटी लोक, म्हणजे देशाची निम्मी लोकसंख्या, मदतीवाचून अडली होती, ८० लाखांहून अधिक लोक घरे सोडून गेले होते आणि २.७ अब्ज डॉलरच्या मदत आराखड्यापैकी जेमतेम ६ टक्के रक्कम हाती आली होती. १५ एप्रिल २०२४ रोजी पॅरिसच्या परिषदेत दोन अब्ज युरोंहून अधिक रकमेची आश्वासने दिली गेली.

वाचकांपैकी कोणाला मदत करायची असेल, तर वस्तू गोळा करून पाठवण्यापेक्षा पैसे द्यावेत. उपचारात्मक आहार प्रशिक्षित माणसाच्या हातूनच बालकापर्यंत जायला हवा, तर सामुदायिक स्वयंपाकघरांना रोख रक्कम मिळाली की ते जवळच्या बाजारात जे मिळेल ते त्याच दिवशी विकत घेऊन शिजवू शकतात. दोन्हींना पैसे हवे आहेत. निवड करावीच लागली, तर ज्या भागात रस्ते बंद आहेत पण बाजार थोडाफार चालू आहे तिथल्या स्वयंपाकघरांना मी आधी देईन.