१९६९ च्या सी-१० वर एअर सस्पेन्शन : चौदा महिन्यांचा हिशोब

माझ्या जुन्या शेव्रोले सी-१० पिकअपच्या स्प्रिंगा काढून त्या जागी हवेच्या बॅगा बसवल्या, आणि पहिल्याच सकाळी गाडी पुढच्या डाव्या गुडघ्यावर बसलेली. बाकीचे तीन कोपरे रात्री सोडले तसेच होते, आणि हे एक चाक फेंडरच्या पोटात. दादाने एक फेरी मारली आणि म्हणाला, "जुन्या स्प्रिंगा भंगारात नाही ना दिल्यास? जपून ठेव."

स्प्रिंगा अजून माळ्यावर आहेत, पण त्या उतरवायची वेळ काही आली नाही. किटचं नाव लिहीत नाही, कारण असे किट साधारण एकाच वळणाचे येतात: चार रबरी बॅगा, त्यांचे ब्रॅकेट, दोन कॉम्प्रेसर, पाच गॅलनची टाकी, आठ व्हॉल्व्हचा मॅनिफोल्ड, म्हणजे टाकीतली हवा चार बॅगांना वाटणारा ठोकळा, आणि एक रिमोट. आठ व्हॉल्व्ह म्हणजे प्रत्येक चाकाला एक हवा भरायला आणि एक सोडायला. पाचपैकी चार तारे देते. पाचवा का कापला ते खाली येईलच.

मागची बाजू एका दिवसात उरकली. त्याचं श्रेय मात्र किटला नाही, शेव्रोलेला. त्या काळातल्या बहुतेक पिकअपना मागे पाटे असत. सी-१० ला मागेसुद्धा कॉइल स्प्रिंग आणि अ‍ॅक्सलला चासीशी जोडणारे दोन लांबलचक ट्रेलिंग आर्म. पाटे नुसता भार उचलत नाहीत, अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. ते काढले की अ‍ॅक्सल धरायला नवीन लिंका बसवणं आलं. माझ्याकडे ते काम आर्म आधीच करत होते, त्यामुळे स्प्रिंग काढली, तिथे बॅग ठेवली, बोल्ट आवळले, संपलं. जिवावर आलं ते फक्त चासीला खाच पाडताना. गाडी खाली बसली की अ‍ॅक्सल चासीवर आपटतो, म्हणून त्याच्या बरोबर वर अर्धगोल कापायचं आणि कापलेल्या जागी जाड पोलादी पट्टी बोल्टने जोडायची. पन्नास वर्षं टिकलेल्या चासीवर ग्राइंडर चालवताना माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

मग गाडी पूर्ण खाली सोडली. मागचं एक चाक फेंडरच्या आतल्या कडेला घासलं आणि दुसऱ्या बाजूला माझा अख्खा पंजा आत जाईल एवढी फट. टेप लावला, तर अ‍ॅक्सल जवळजवळ पाऊण इंच एका बाजूला सरकलेला. अर्धा दिवस मी आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, तपासण्यात घालवला. चूक निघाली पॅनहार्ड बारमध्ये. अ‍ॅक्सलने आडवं सरकू नये म्हणून हा दांडा असतो, एक टोक चासीला, दुसरं अ‍ॅक्सलला. पण गाडी वर-खाली झाली की त्याचं अ‍ॅक्सलकडचं टोक सरळ न जाता कमानीत फिरतं, आणि दांडा जितका आखूड तितकं ते अ‍ॅक्सलला जास्त ओढतं. मूळ स्प्रिंगांवर गाडी थोडकीच खेळायची, म्हणून कधी जाणवलं नाही. बॅगांवर तीच गाडी सात-आठ इंच खेळते. उपाय म्हणजे लांब, कमी-जास्त करता येणारा दांडा, आणि चालवायच्या उंचीला तो आडवा, जमिनीला समांतर राहील असा बसवायचा. हा दांडा किटमध्ये नव्हता. नसेना का, पण पुस्तिकेत एक ओळ तरी हवी होती. पाचवा तारा तिथे गेला.

पुढे बॅग स्प्रिंगच्याच खोबणीत बसते. इथे घाई करू नका. बॅग फुगली की जाडी वाढते, आणि कशालाही घासली की तिचे दिवस भरले. मी हवा न भरता जॅकने आर्म वर-खाली केला, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं आणि चहूबाजूंनी बोट फिरवून पाहिलं. एका ठिकाणी खोबणीची कड आडवी येत होती, ती घासून गोल केली. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बरही लांब पडतात. गाडी पुरती बसायच्या आत तेच टेकतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. आखूड शॉक घ्यावेच लागतात.

आता त्या पहिल्या सकाळची गोष्ट. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावत दोन संध्याकाळी काढल्या. बॅगेवर काही नाही, मॅनिफोल्डवर काही नाही. शेवटी एका फिटिंगच्या तोंडाशी मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, परत आला. नळी बाहेर ओढून पाहिली. टोक तिरपं आणि चेपलेलं. पाइप कटर सापडेना म्हणून ते एक टोक मी पकडीने तोडलं होतं. दाबून बसवायच्या फिटिंगमध्ये आत रबरी रिंग असते, आणि नळी काटकोनात, गोल कापलेली असेल तरच ती धरते. कटरने अर्धा इंच कापलं, परत बसवलं, आणि तो कोपरा तेव्हापासून जागचा हलला नाही.

दादाचा आवडता दाखला १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूमचा. एवढी महागडी गाडी, चारही चाकांना हवा, आणि गळतीला कंटाळून कित्येक मालकांनी साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. खरं आहे ते. पण माझ्याकडे हवेने नाही, माझ्या पकडीने दगा दिला.

वायरिंगबद्दल एवढंच, की कॉम्प्रेसर जुन्या फ्यूज बॉक्समधून चालवू नका. बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि मध्ये रिले, म्हणजे जास्त करंट झेलणारा विजेवर चालणारा स्विच.

रिमोटवर मी आधी फक्त प्रेशरवाला पर्याय घेतला होता. पुढे इंजिनाचं वजन, म्हणून ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे हौदा रिकामा असताना ४०. बटण दाबलं की आकडे बरोब्बर यायचे. मग एकदा हौद्यात रेतीची पोती टाकली. रिमोट ४० दाखवतोय आणि गाडी मागे बसलेली! यंत्राचं काही चुकलं नव्हतं. त्याला प्रेशर सांभाळायला सांगितलं होतं, ते त्याने सांभाळलं. वजन वाढलं की तीच उंची राखायला जास्त हवा लागते, हे त्याला कळणार कसं? सहा महिन्यांनी चारही चाकांना उंचीचे सेन्सर लावले. आता पोती टाकली की कॉम्प्रेसर आपणहून घुरघुरतो आणि गाडी पातळीवर येते. आधीच घेतले असते तर आर्म दुसऱ्यांदा उघडावे लागले नसते. अलाइनमेंटही आधी चालवायची उंची पक्की करून, त्याच उंचीला करून घ्या, कारण उंची बदलली की पुढच्या चाकांचा कल बदलतो.

चालवायला कशी? चांगल्या शॉकवर मऊ, पण वळणावर कलते. अँटी-रोल बार अजून लावायचाय. पूर्ण खाली बसवून ती फक्त उभी करायची, चालवायची नाही.

आणि गाडीखाली शिरताना बॅगांच्या भरवशावर कधीच नाही. एक नळी सुटली तर गाडी क्षणात खाली येते. चासीखाली स्टँड लावल्याशिवाय मी दादाला पानासुद्धा उचलू देत नाही.

दर रविवारी टाकीचा खालचा कॉक उघडते. हवेतली वाफ आत पाणी होऊन साचते. पावसाळी दिवसांत अर्धी वाटी तरी गढूळ पाणी निघतं, आणि हेच पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं तर ते अडकतात. कॉक टाकीच्या अगदी बुडाला असेल आणि तिथे हात पोचेल अशा बेताने टाकी बसवा. माझी आडवी बसली आहे, कॉक चासीच्या आड. प्रत्येक रविवारी कोपर खरचटतं.