दहा पांढरे ससे आणि नव्वद दिवसांची अट

नागपूरच्या काटोल रोडवरच्या एका शेडमध्ये फेब्रुवारीच्या शेवटी सशांचं एक युनिट, म्हणजे पैदाशीचा संच, उतरलं. 7 माद्या, 3 नर, वय चार महिने. बिलावर शब्द होते 'न्यूझीलंड व्हाईट × देशी, पहिली पिढी'. विकणाऱ्याने मोबाईलवर दाखवलेली आई भुऱ्या रंगाची होती. पिंजऱ्यात मात्र दहाच्या दहा ससे पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. फसवणूक गाडीतून माल उतरतानाच डोळ्यांसमोर होती.

न्यूझीलंड व्हाईट ही मांसासाठी पाळायची मोठी जात. तिचा पांढरा रंग अप्रभावी जनुकाचा असतो, म्हणजे ते आई-बाप दोघांकडून आलं तरच पिल्लू पांढरं. भुऱ्या देशी मादीवर तो नर सोडला, तर पिल्लं रंगीत होतात. मादीच्या रक्तात पांढऱ्याचं जनुक लपलेलं असेल तर सरासरी निम्मी पांढरी निघतील, दहाच्या दहा जवळपास कधीच नाही. लाल डोळे आणि पांढरी कातडी पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या दीड किलोच्या सशालाही असते. रंगावरून जात ठरत नाही, आणि या मालात जातीचं म्हणून फक्त रंगच होता.

वजनकाट्यावर ठेवल्यावर दहाही जण 1.4 ते 1.7 किलोत बसले. चार महिन्यांचा खरा क्रॉस, खाणं नीट असेल तर, दोन किलोच्या पुढे असायला हवा. मादी म्हणून दिलेल्या सातांपैकी दोन नर निघाले. सशाला उताणा धरून शेपटीजवळ दोन बोटांनी हलकं दाबलं की नराच्या जननेंद्रियाचं तोंड गोल दिसतं, मादीचं चिरेसारखं लांबट. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एका मादीची नखं केसांबाहेर येऊन वाकलेली होती, म्हणजे ती चार महिन्यांची नव्हे, पैदाशीतून काढून टाकलेली म्हातारी. शिवाय एकाच्याही कानावर नंबर नाही. दहाही एकाच घरातली भावंडं असली तरी कळायला मार्ग नाही, आणि भावाबहिणींची पैदास म्हणजे खुरटी, मरतुकडी पिल्लं.

मुळात 'पहिल्या पिढीचं पैदाशी युनिट' ही कल्पनाच खोटी आहे. संकराचा जोम, म्हणजे आई-बापांच्या सरासरीपेक्षा जास्त वाढ, पहिल्या पिढीत असतो. त्याच पिढीतले नर-मादी आपसात लावले की निम्मा जोम जातो आणि एकाच वेतातली पिल्लं लहान-मोठी निघतात. वाढीसाठी क्रॉस करायचा तर शुद्ध नर घ्यायचा आणि तो दोन किलोच्या वरच्या देशी मादीवर दरवेळी नव्याने सोडायचा. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, उलट नाही. बारा ते चौदाव्या दिवशी पोट चाचपायचं, 31 व्या दिवसाच्या सुमारास वेत. क्रॉसची पिल्लं विकायला, पैदाशीला नव्हे. आणि एका नराला सात माद्या सहज झेपतात, त्यामुळे 7 ला 3 नर म्हणजे विक्रेत्याच्या गळ्यातले फालतू नर तुमच्या गळ्यात.

यावर विकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर, 'आमच्यात रानसशाचं रक्त आहे, म्हणून चिवट'. रानससा आणि पाळीव ससा या वेगळ्या प्रजाती. पहिल्यात 48 गुणसूत्रं, दुसऱ्यात 44, यांचा क्रॉस होतच नाही. आणि रानससा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तेव्हा खरं बोलत असेल तर गुन्हा कबूल करतोय.

पण माल निकृष्ट असणं ही या धंद्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट करारात होती. 'निरोगी पिल्लं 90 दिवसांत किमान 2 किलोची असल्यास कंपनी ठरलेल्या दराने परत घेईल.' हिशेब करून पाहा. देशी पिल्लू बारा आठवड्यांत सव्वा किलो आणि न्यूझीलंड व्हाईट दोन किलो धरलं, तर मधलं 1.6 येतं, जोम धरून 1.7-1.8. म्हणजे खरा, प्रामाणिक क्रॉसही त्या अटीला सहसा कमीच पडतो. या पांढऱ्यांची पिल्लं तर किलोच्या आसपास थांबली. खरेदीचं आश्वासन मोडायची गरजच पडत नाही. पिल्लं आपोआप नापास होतात, आणि पेलेटचा, म्हणजे गोळी-खाद्याचा, खर्च शेतकऱ्याच्या बोकांडी.

माल फेब्रुवारी-मार्चमध्ये का येतो, तेही समजून घ्या. नागपुरात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. तिशीच्या वर गेलं की नराचं वीर्य बिघडतं, आणि गारवा आल्यावरही दीड-दोन महिने नर कामाचा राहत नाही. मेअखेरच्या नवतपात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर, ओली बोरी, वाळ्याच्या ताट्या लावूनही माद्या रिकाम्या राहतात. मग फोनवर उत्तर तयार, 'ऊन लागलं, तुमची व्यवस्था कमी पडली.' त्यात थोडं खरं असतं, म्हणूनच ते पचतं. 'एक मादी वर्षाला 96 पिल्लं' (दरमहा 8, गुणिले 12) हे सांगताना मात्र ऊन कोणाला आठवत नाही. दूध तुटून जगलेली वीस-पंचवीस पिल्लं हाती आली तरी नागपुरात चांगलं म्हणायचं.

घ्यायचंच असेल तर नोव्हेंबरमध्ये घ्या. विकणाऱ्याच्या शेडवर जाऊन आई-बाप दोन्ही काट्यावर ठेवायला सांगा. शुद्ध न्यूझीलंड व्हाईट किंवा सोव्हिएत चिंचिला (तशीच एक मोठी जात) पूर्ण वाढीचा चार किलोच्या आत भरला तर परत फिरा. कानाच्या आत आणि नाकावर खपल्या म्हणजे खरूज, पुढच्या पायांची आतली बाजू ओली-चिकट म्हणजे सर्दीचा जंतू, तो कळपात शिरला की निघत नाही. शंका असेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावर दाखवा.

फसलेलेच असाल तर ससे विकून टाकू नका, तोच पुरावा आहे. बिल, करार, बँकेतून पाठवलेल्या पैशांची नोंद, आणि जन्मापासून 28, 42 व 84 व्या दिवसांच्या वजनांची वही, तारखेसह. पैसे 'ठेव' म्हणून घेऊन परतावा कबूल केला असेल तर राज्याचा 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा लागू होऊ शकतो. तक्रार आर्थिक गुन्हे शाखेत द्या, आणि एकट्याने न देता त्याच विक्रेत्याचे बाकीचे गिऱ्हाईक शोधून एकत्र द्या. काटोल रोडच्या त्या व्यवहारात पैसे रोख गेले होते आणि वही कुणी ठेवलीच नव्हती.