ज्येष्ठ कलाकार मानधन योजना: पैसे पोचले, पण फोटोतली द्रौपदी कोण?

हॉटेलांबद्दल लिहितो तसंच सरकारी योजनेबद्दलही लिहावं म्हटलं. आमच्या तात्यांचा अर्ज भरण्यापासून पैसे जमा होईपर्यंत मीच पळापळ केली.

तात्या दशावतारात, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, स्त्रीपार्टी करायचे. वेंगुर्ल्यापासून पेडण्यापर्यंतच्या जत्रांत पंचेचाळीस वर्षं द्रौपदी, तारामती, मोहिनी. योजनेचं नाव लांबलचक आहे: राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना. वय किमान ५०, कलेत किमान १५ वर्षं काम, उत्पन्नाची मर्यादा. पूर्वी कलाकार राष्ट्रीय, राज्य की जिल्हा पातळीचा यावरून रक्कम ठरायची. २०२४ मध्ये ती वर्गवारी गेली आणि सगळ्यांना सरसकट महिना ५००० रुपये झाले. हे फार बरं झालं. रात्री अकरापासून उजाडेपर्यंत देवळासमोर उभा राहणारा माणूस कुठल्या पातळीचा, हे कोण ठरवणार होतं?

आधार, बँक, उत्पन्नाचा दाखला हे सगळं चार दिवसांत झालं. घोडं अडलं ते पुराव्यापाशी. कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्रं, पेपरातली कात्रणं जोडा म्हणाले. आता दशावताराला लिखित संहिताच नसते, तर पत्रिका कुठली? आख्यान ठरतं, कोणी कुठली भूमिका करायची ते सांगतात, आणि संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे सुचतात. पिंगुळीच्या चित्रकथीकडे, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेकडे, निदान चित्रांच्या पोथ्या आहेत. तिथले कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली तेव्हा त्या पोथ्या सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. आमच्याकडे पहाट झाली की रंग पुसला, पेटारा बांधला, संपलं.

घरात तीन फोटो सापडले. एकाचा अर्धा भाग कसरीने खाल्लेला. ते घेऊन तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. टेबलावरच्या साहेबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "यात अर्जदार कोण?"

तात्यांनी नऊवारीतल्या द्रौपदीवर बोट ठेवलं. "ही मी."

"आणि हा?"

"तो दुर्योधन. मेलो तो."

साहेब हसले नाहीत. फोटोतल्या बाईचा आधार कार्डाशी मेळ बसत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलले आणि कागद परत दिले. बाहेर येऊन तात्या पायरीवर बसले. "रात्रभर उभो रवलंय, तेचो कागद आता खय मिळतलो?"

मग आमची देवळांची फेरी सुरू झाली. एका देवस्थानाच्या जुन्या खर्चाच्या वहीत दहिकाल्याची, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या खेळाची, नोंद मिळाली: कंपनीची (नाटकमंडळीची) बिदागी इतकी, चहा इतका, गॅसबत्ती इतकी. गॅसबत्ती आहे, तात्या नाहीत! शेवटी दोन देवस्थान कमिट्यांनी आणि कंपनीच्या मालकांनी लेटरहेडवर लिहून दिलं, सरपंचांनी शिक्का मारला, तेव्हा अर्ज पुढे सरकला. मंजुरीला बरेच महिने लागले आणि तेवढ्यात चार हेलपाटे झाले.

पैसे मात्र थेट खात्यात येतात, मधे कोणाचा हात नाही. पावसाळ्यात, कंपन्या बंद असताना, हे ५००० रुपये घरात दिसतात: गोळ्या, गॅस, तात्यांची पानसुपारी. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो लक्षात ठेवा. पाचपैकी साडेतीन तारे. दीड कापला तो पुराव्याच्या नियमासाठी. तालुक्यातल्या चार जुन्या दशावतारींना बोलावून नुसतं एक पद म्हणायला सांगितलं, तरी खरा कोण ते पाच मिनिटांत कळेल.

तात्या आता कंपनीतल्या पोरांच्या मागे लागलेत: लुगडं नेसून झालं की टोप घालायच्या आधी एक फोटो काढा, तोंड ओळखू येईल असा.