कुंडीतली हळद: उकडून वाळवावी की काप करून?

जूनमध्ये लावलेल्या हळदीची पानं जानेवारीत पिवळी पडून लोळली की पाणी तोडा आणि पंधरा दिवसांनी कुंडी उलटी करा. हळद टिकवायची कशी, हे मात्र त्याआधीच ठरवा, कारण उकडायची असेल तर ती काढल्यापासून दोन-तीन दिवसांतच उकडावी लागते. रीत कोणतीही घेतलीत तरी किलोभर ओल्या हळदीची साधारण २०० ग्रॅमच सुकी हळद हाती येते.

सांगलीकडचे शेतकरी उकडूनच वाळवतात, त्याला कारण आहे. उकडल्याने आतलं पिठूळ द्रव्य शिजतं, रंग कंदभर सारखा पसरतो, कच्चट वास जातो आणि अख्खं हळकुंड लवकर वाळतं. जेठे गड्डे, म्हणजे मधले मूळ कंद, आणि त्यांना फुटलेली हळकुंडं वेगळी करा. गड्डे जाड असल्याने त्यांना वेळ जास्त लागतो. कंद बुडून वर चार बोटं पाणी राहील असं भांडं घ्या. पाऊण ते एक तासात फेस येतो, हळदीचा वास सुटतो आणि काडी आरपार जाते. तिथेच थांबायचं. जास्त शिजली तर रंग मळतो. कमी शिजली तर आत कच्चा गाभा राहतो आणि कीड तिथूनच सुरू होते. मग दहा ते पंधरा दिवस कडक ऊन हवं. संध्याकाळी झाकून ठेवा, दव पडलं की सगळी मेहनत मागे जाते. हळकुंड कट् आवाज करून तुटलं की वाळलं. अशी अख्खी हळकुंडं वर्षभर सहज टिकतात.

अडचण येते ती दळताना. पक्कं वाळलेलं हळकुंड घरच्या मिक्सरच्या पात्याला झेपत नाही, ते आधी खलबत्त्यात कुटावं लागतं. गिरणीत द्यावं, तर एवढीशी हळद बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, आणि घेतली तरी आधीच्या मिरचीचा तिखटपणा तिच्यात उतरू शकतो.

कापांचा फायदा इथे आहे. धुतलेल्या कंदांचे तीन मिलिमीटरचे काप एकावर एक न चढवता पसरा, वर पातळ सुती कापड टाका. थेट उन्हात रंग उडतो. कोरड्या हवेत चार-सहा दिवस पुरतात. कोकणात जास्त धरा. काप वाकला तर ओला आहे, तो तसाच बरणीत भरला की बुरशी येणारच. वाळलेला काप मिक्सरमध्ये सरळ बारीक होतो. कच्च्या कापांच्या पुडीला थोडा उग्र वास राहतो आणि रंगही सगळीकडे सारखा येत नाही.

म्हणून तीन किलोपर्यंत हळद असेल तर आमचं मत मधल्या वाटेला आहे: कंद कुकरमध्ये शिटी न लावता वाफवा, गार करून काप करा, मग वाळवा. पूजेला किंवा लग्नाला अख्खी हळकुंडं हवी असतील, किंवा हळद त्याहून जास्त असेल, तर उकडणंच बरं.

लोणच्यापुरती ओली हळद कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये तीनेक आठवडे राहते. उकडण्याआधी निरोगी, न कापलेले गड्डे बेण्यासाठी बाजूला काढा. ते कोरड्या वाळूत, सावलीत मेपर्यंत ठेवा. डबा बंद केला तर कुजतात.